बाहेरगावी घोडी धुवायला काय न्यावं: पाठीवरचा बॅटरी पंप, बारा व्होल्टची मोटर की हाताने हवा भरायची टाकी

पावसाळ्यात घोडा टेम्पोत घालून मुरबाड, शहापूर, कर्जतकडे रपेटीला नेणाऱ्या आमच्या ठाणे-खारघरच्या मंडळींत दर जूनला एक विषय निघतोच, परत निघताना चिखल धुवायचा कशाने. पागेत नळ आहे, पाईप आहे, तिथे प्रश्नच येत नाही. पण भाताच्या खाचरांच्या बाजूने दोन-तीन तास फिरून आलेली घोडी, पोटापर्यंत चिखल, आसपास नळ नाही आणि टेम्पोवाल्याला अंधाराच्या आत शीळफाटा ओलांडायचाय, अशा वेळी हातात काय असावं एवढ्यापुरतंच हे लिहितोय. यातले बहुतेक प्रकार मी स्वतः वापरलेत, एक-दोन ओळखीच्यांकडे वापरून बघितलेत, आणि सध्या एकावर स्थिरावलोय. तुमचा घोडा, तुमची माणसं, तुमचं पाणी वेगळं असेल तर तुमचा निर्णय वेगळा येऊ शकतो हे धरूनच वाचा.

"घरी जाऊनच धुऊ की" म्हणणारे खूप आहेत आणि त्यांचं अर्धं बरोबर आहे. पाठीवरचा, पुठ्ठ्यावरचा चिखल वाळू द्यावा आणि घरी गेल्यावर खराऱ्याने उडवावा, त्याला पाणी लावायची गरजच नाही, उलट ओला चिखल चोळला की तो केसांच्या मुळाशी जाऊन बसतो. पण गुडघ्याखालचे चारी पाय आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, बसतो ती जागा, हे मी तिथेच धुतो. कारण साधं आहे, चिखलाखाली काय लागलंय ते दिसत नाही. खाचराच्या कडेला काटेरी तारेचे तुकडे, फुटक्या बाटल्या, खिळे काय वाट्टेल ते असतं आणि घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, जनावरांमध्ये या बाबतीत तो सगळ्यात नाजूक समजला जातो. लस दिलेली असली तरी जखम दोन तास आधी दिसलेली बरी. दुसरं म्हणजे टापेच्या वर मागच्या बाजूला जी खोबण असते ना, तिथे ओला चिखल तासनतास राहिला की कातडी मऊ पडते, मग भेगा, खपल्या, सूज, डॉक्टर ज्याला मड फीव्हर म्हणतात तो प्रकार. एकदा धरला की जुलै-ऑगस्टमध्ये तो बरा करणं म्हणजे परीक्षा असते, कारण पाय कोरडा ठेवायचा कुठे आणि कसा.

मग नदीवर न्या, पूर्वी न्यायचेच की. काळू, उल्हास, भातसा, पाणी सगळीकडे आहे. पण पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, तळाचे दगड दिसत नाहीत, वर कुठे पाऊस झाला तर इथे पाणी कधी चढेल सांगता येत नाही. रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याचा तर विचारच नको. लेप्टो, म्हणजे असल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, काय असतो हे २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको, आणि तो घोड्यांनाही होतो, नंतर डोळ्यांना वारंवार सूज येऊन दृष्टी जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. म्हणून पाणी घरून न्यायचं, वीस लिटरचे दोन कॅन. गावात विहिरीचं किंवा बोअरिंगचं मिळालं तर चांगलंच. फक्त बादली आणि स्पंज आपलाच वापरायचा, दुसऱ्याच्या घोड्याची बादली, सामायिक हौद नको. ग्लँडर्स असाच पसरतो आणि तो कायद्याने कळवावा लागणारा रोग आहे, घोड्यावर त्याला उपचार नाही, सापडला तर घोडा मारावाच लागतो.

म्हणजे हिशोब असा की पाणी मोजकं आहे, चाळीस लिटर, आणि त्यात चार पाय, पोट आणि तंगाची जागा उरकायचीय. बादली ओतून धुतलं तर अर्धं पाणी जमिनीवर. म्हणून धार देणारं काहीतरी लागतं, इथून पुढे खरी निवड सुरू होते.

आधी जे मी फार चघळणार नाही ते सांगून टाकतो. गाडी धुवायच्या बॅटरीच्या गन येतात, ड्रिलसारख्या दिसतात, नळी बादलीत सोडायची आणि खटका दाबायचा. गाडीला छान आहेत. घोड्याला माझ्या मते नाहीत. जोराची बारीक धार चिखल काढत नाही, आत ढकलते, आणि कातडी आधीच भिजून मऊ झालेली असते तिथे तर नुकसानच. वर त्या छोट्या मोटरचा जो किनरा आवाज असतो तो आपल्यालाच नकोसा होतो, घोड्याला साधारण ३३ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला फार तर २०, म्हणजे त्याला त्यात काय काय ऐकू येत असेल. आमच्या ओळखीत एकाने ती घोड्यासाठी आणली, आता ती त्याची मोटारसायकल धुते.

दुसरं ते बादलीत सोडायचे चार्जिंगचे शॉवर, ट्रेकवाले वापरतात तसे. धार मऊ असते, आवाज बादलीच्या आत दबलेला, घोडे चटकन स्वीकारतात. घाम धुवायला, उन्हाळ्यात अंग गार करायला मी आजही कुणालाही हेच सुचवेन. पण चिखलाच्या कामात अडचण अशी की स्पंज बादलीत बुडवला, पाण्यात थोडी माती उतरली, की जाळीवर चिकण मातीचा थर बसतो आणि धार मरते. मग जाळी काढा, धुवा, परत लावा. दोन बादल्या ठेवल्या, एक स्पंजची एक शॉवरची, तर चालतं, पण पाणी मोजकं असताना दोन बादल्या सांभाळणं मला तरी जमत नाही, आणि घोडी बादलीत तोंड घालते ते वेगळंच.

आता उरले तीन. शेतकऱ्यांचा पाठीवरचा सोळा लिटरचा बॅटरीवाला फवारणी पंप, टेम्पोच्या बॅटरीवर चालणारी बारा व्होल्टची डायफ्राम मोटर आणि पाण्याचा ड्रम, आणि आठ-दहा लिटरची बागेत वापरतात ती दट्ट्या मारून हवा भरायची प्रेशर टाकी.

चिखलाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावर पुढचं अवलंबून आहे. आपल्याकडे तीन जातींचा चिखल भेटतो. चिखलणी केलेल्या खाचराचा, तो लोण्यासारखा बारीक, केसांना लेप बसतो. नेरळ-माथेरानच्या बाजूची तांबडी माती, तिच्यात खर असते, ती घासली की कातडी सोलते आणि पांढऱ्या पायांवर डाग राहतो तो आठवडाभर जात नाही. आणि खाडीकडचा, नागला बंदर, कोलशेत, इकडे बेलापूरच्या बाजूला, तो काळा, वासाचा, खारट. हा शेवटचा मात्र अंगावर वाळू देऊच नये, मीठ राहतं आणि घोडा दाताने पाय खाजवत बसतो. पण तिन्हींना एक गोष्ट लागू आहे. कुठल्याच चिखलाला जोर लागत नाही, भिजणं लागतं. आधी चारी पाय ओले करायचे, पाच मिनिटं सोडायचे, तोपर्यंत खोगीर उतरवा, खुरांतली माती उकरा, पाणी पाजा, मग दुसऱ्यांदा धार आणि त्याबरोबर हाताने केसांच्या दिशेने निपटत खाली यायचं. हाताने, ब्रशने नाही. हातालाच कळतं कुठे गरम लागतंय, कुठे काटा आहे. चिखल गेला की ओला पाय तसाच सोडायचा नाही, जुन्या टॉवेलने खोबण टिपून घ्यायची, मड फीव्हर टाळण्यातलं अर्धं काम हे टॉवेलच करतो.

म्हणजे एका हातात धार, दुसरा हात पायावर. धार दहा-पंधरा सेकंद चालू, मग बंद, चोळायचं, परत चालू. चारी पायांना असं कितीतरी वेळा. हे चालू-बंद लक्षात ठेवा.

बॅटरी पंप मी बराच वापरला आणि वस्तू म्हणून तो वाईट नाही. पाणी भरपूर बसतं, धार एकसारखी येते, संपेपर्यंत जोर कमी होत नाही, हात दुखत नाही. कल्याणला, मुरबाडला, पनवेलला कुठल्याही शेतीअवजारांच्या दुकानात मिळतो, सुटे भाग मिळतात, बिघडला तर दुरुस्त करणारा मिळतो, हा फायदा ऑनलाईन मागवलेल्या गनला नाही. नोझल मात्र बदलावं लागतं. बरोबर जे येतं ते औषध फवारायचं, धुकं करणारं, त्याने चिखल हसतो नुसता. तणनाशकासाठी पट्टा मारणारं जे चपटं नोझल येतं, फ्लॅट फॅन म्हणतात ते, ते घ्या. पाणी पंख्यासारखं पसरतं, टोचत नाही, आणि पायाच्या रुंदीला बरोबर पुरतं.

पाठीला लावून घोड्याजवळ जाऊ नका, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचं स्वतःचं वजन, दोन्ही खांद्यांत पट्टे, आणि तुम्ही मागच्या पायाशी वाकलेले. घोडी अंगावर आली तर बाजूला उडी मारता येत नाही. पंप टेम्पोच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीवर, ठेवायचा आणि नळी लांबवून घ्यायची, मूळ नळी हातभर असते, पाच मीटरची जोडून मिळते. फाळक्याखाली पत्रा असल्यामुळे मोटरचा आवाज दुप्पट घुमतो, तर पंपाखाली गोणपाटाची जाड घडी घालायची. एवढं केलं की बरं काम होतं.

आणि एवढं करूनही जी गोष्ट मला शेवटपर्यंत सोसली नाही ती आता सांगतो.

या पंपात, आणि बारा व्होल्टच्या मोटरमध्येही, एक प्रेशर स्विच असतो. खटका सोडला की नळीत दाब वाढतो, स्विच मोटर बंद करतो. खटका दाबला की दाब उतरतो, मोटर आपोआप चालू. शेतात ही सोयच आहे, बॅटरी वाचते. घोड्याजवळ मात्र काय होतं बघा. मी मैनाचा, म्हणजे माझ्या घोडीचा, मागचा पाय धरलाय, सगळं शांत आहे, ती डुलक्या घ्यायच्या बेतात आहे, मी खटका दाबतो, आणि मागून कुठूनतरी "घुर्रर्र". ती दचकते. सोडतो, एकदम शांत. चोळतो, परत दाबतो, परत "घुर्रर्र". मोटर सतत चालू राहिली असती तर ती पाच मिनिटांत सरावली असती, पागेशेजारी जनरेटर चालतो त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. तिला आवाजाचा त्रास नाहीये, आवाजाच्या सुरू होण्याचा आहे. घोडा भित्रं जनावर नाही म्हणणारे म्हणोत, पण तो स्वभावाने पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, शांततेत अचानक उठलेला आवाज त्याला पळ म्हणूनच सांगतो, आणि आपण नेमके त्या वेळी त्याच्या पायाशी बसलेले असतो.

खटका अर्धवट दाबला किंवा नोझल बारीक असलं तर अजून वाईट, मोटर ठरवू शकत नाही चालू राहू की बंद होऊ, टक-घुर्र-टक-घुर्र असं चालू राहतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंप जरा जुना झाला, एखाद्या वायसरमधून थेंब-थेंब गळायला लागलं, की कुणीही हात न लावता दोन-तीन मिनिटांनी मोटर आपली आपण एकदा गुरगुरते. माझ्या हातात मैनाचा मागचा उजवा पाय होता, खुरातली माती उकरत होतो, धार बंद करून ठेवली होती, आणि फाळक्यावरून ते गुरगुरलं. तिने पाय खेचून घेतला आणि आपटला. माझी बोटं वाचली, तिचीही काही चूक नव्हती. तिचे कान मात्र त्यानंतर घरी पोचेपर्यंत मागेच होते, आणि पुढच्या वेळी फाळका उघडल्याचा नुसता आवाज झाला तरी ती दोरी ताणायला लागली. आमच्याकडे जे मामा घोडी सांभाळतात ते तेव्हा एवढंच म्हणाले, "दादा, पाण्याला ती कधीच घाबरली नाही, तुम्ही त्या मशीनने घाबरवताय तिला."

या एका गोष्टीवर माझा निकाल लागला. तुमचा नाही लागणार कदाचित. वरातीची घोडी असेल, बेंजो, ताशे, डीजे यांच्यासमोर रात्र-रात्र उभी राहणारी, तर तिला हे काहीच नाही असं मलाही वाटायचं. मग ओळखीच्या एका वरातवाल्या काकांच्या घोडीवर तोच पंप चालवून बघितला, तीही मागून आलेल्या पहिल्या गुरगुरीला पाय आपटून गेली, पण दोन-चार वेळांनंतर तिने सोडून दिलं. डीजे तिला समोर दिसतो, हे मागून येतं, घोड्याला बरोब्बर मागचं दिसत नाही, त्यामुळे असेल. एकूण अशा घोड्यांना बॅटरी पंप चालून जाईल असं म्हणायला हरकत नाही, फक्त सवय घरी नळापाशी लावा, बाहेरगावी नको.

बारा व्होल्टच्या मोटरबद्दल. चार-पाच घोडे एका वेळी नेणारे असाल, रायडिंग शिकवणारे, कॅम्प काढणारे, तर मला वाटतं हाच पर्याय खरा, कारण तिथे आठ-दहा लिटरच्या टाक्या भरत बसणं शक्य नाही. पन्नास लिटरचा निळा ड्रम, मोटर, बॅटरीला लावायचे चिमटे, दहा मीटर नळी, जाळीचा फिल्टर ड्रमच्या बाजूला लावायला विसरू नका. मोटरला पाच-सहा अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणजे इंजिन बंद ठेवून अर्धा-पाऊण तास चालवलं तरी टेम्पोची बरी बॅटरी कुरकुर करत नाही. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, जोडण्याआधी तेवढं बघून घ्या. गुरगुरण्याचा इलाजही इथे करता येतो. एका मित्राने मोटरच्या पुढे नळीला टी आकाराचा जोड लावून एक परतीची नळी परत ड्रममध्ये सोडलीय, त्यामुळे खटका सोडला तरी पाणी ड्रममध्ये फिरत राहतं, दाब चढत नाही, मोटर बंदच पडत नाही, एकसुरी आवाज चालू राहतो. त्याचे घोडे त्या आवाजात चक्क पेंगतात. धारेचा जोर थोडा कमी होतो पण आपल्याला जोर नकोच आहे. हे मला फार आवडलं, पण एका घोडीसाठी ड्रम, मोटर, चिमटे, नळ्यांची भेंडोळी, प्रत्येक वेळी जोडा आणि सोडा, शिवाय आमचा टेम्पो भाड्याचा, दर वेळी वेगळा, काही ड्रायव्हर बॅटरीला हात लावू देत नाहीत, तेही त्यांच्या जागी बरोबरच आहेत. स्वतःची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

राहिली हाताची टाकी. पाच लिटरपासून मिळते, पण आठच्या खाली जाऊ नका. वर दट्ट्या असतो, तीस-चाळीस वेळा मारायचा, आत हवा दाबली जाते, मग खटका दाबला की धार. खटक्याला अडकवायची सोय असते, म्हणजे बोट सतत दाबून ठेवावं लागत नाही. मोटर नाही, बॅटरी नाही, पावसात भिजून खराब व्हायला काही नाही. आणि आवाज म्हणजे पाण्याचा, बास. पावसाचा आवाज घोडी जन्मापासून ऐकत आलीय.

हवा भरताना खर्रर्र-फस होतो तो टेम्पोपाशी, घोडीपासून लांब उरकायचा. मामांनी हा नियमच करून टाकलाय, "आधी तिकडे भरा, मग इकडे या." एकदा भरली की टाकी उचलून घोडीच्या पुढच्या खांद्यापाशी, तिला दिसेल अशी ठेवायची, मैना आधी नाकाने हुंगते, फुरफुरते आणि मग सोडून देते. मी पुढच्या डाव्या पायापासून सुरू करतो, खुरापासून वर वर जातो, म्हणजे पाणी अचानक पोटावर येत नाही. पोटाखाली आणि मागच्या मांड्यांच्या मध्ये, घोडी असेल तर सडांच्या बाजूला, चिखल हमखास राहतो, तिथे नोझल पुढे धरून नाही, हातावर पाणी घेऊन हातानेच. तोंडाला आणि कानाला यातलं काहीच नाही, ओला स्पंज फक्त.

कमतरता आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. टाकी आठ लिटरची असली तरी पाणी साडेसहाच भरायचं, वर हवेला जागा लागते, काठोकाठ भरली की दट्ट्या चार वेळा मारून घट्ट होतो आणि धार लगेच मरते. संपत आली की जोर उतरतो, मध्ये एकदा परत हवा भरायला उठावं लागतं, आणि तेही परत घोडीपासून लांब जाऊन. एका टाकीत मैनाचे चारी पाय एकदा भिजून होतात, दुसऱ्या टाकीत ते स्वच्छ निघतात, पोट आणि तंगाची जागा धरली तर तिसरी लागते. बॅटरी पंपाने हेच काम भराभर होतं हे खरं आहे. घड्याळ लावून कधी बघितलं नाही, पण टेम्पोवाल्याचा चहा संपून दुसरा सुरू होतो एवढा फरक पडतो. पण त्या पाच मिनिटांच्या भिजण्यातच पहिली टाकी संपलेली असते आणि दुसरी भरायला वेळ असतोच, त्यामुळे मला तो उशीर खुपत नाही. ज्याचा खांदा दुखतो किंवा जो एकटा जातो त्याला खुपेल.

किमतीत हाताची टाकी साहजिकच स्वस्त पडते. पण पैसा हे इथे कारण धरू नका, घोड्याच्या महिन्याच्या चंदीपुढे हे तिन्ही किरकोळ आहेत. टिकण्याचं म्हणाल तर बॅटरी पंपाची साधी लेड-ॲसिड बॅटरी पावसाळा संपल्यावर कोपऱ्यात टाकून ठेवली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत चार्जच केली नाही तर ती मेलेलीच सापडते, महिन्याला एकदा चार्जिंगला लावायची शिस्त लागते. हाताच्या टाकीचं रबर सुकतं, दट्ट्या मारला तरी हवा भरत नाही, मग वायसर बदलायचा, दहा मिनिटांचं काम. त्याला थोडं सिलिकॉन ग्रीस लावून ठेवलं की बरेच दिवस जातात. तेल लावू नका, रबर फुगतं.

एक धोका दोन्ही फवारणी पंपांना सारखाच आहे. कुणाकडून वापरलेला, जुना, शेतातला पंप घेऊ नका, कितीही धुऊन दिलेला असो. तणनाशक, कीटकनाशक नळीत, नोझलच्या मागच्या जाळीत, रबरात मुरलेलं असतं, आणि आपण ते भिजलेल्या, खरचटलेल्या कातडीवर मारणार, वरून घोडी तो पाय चाटणार. गावात गेल्यावर कुणीतरी प्रेमाने आपला पंप पुढे करतं, "आमचाच घ्या की", त्यांनाही हात जोडून नाही म्हणायचं. आणि आपला पंपही कुणाला फवारणीला द्यायचा नाही. आमच्या टाकीवर लाल ऑईलपेंटने "फक्त घोडी" लिहिलंय, कारण सोसायटीच्या माळीकाकांनी ती एकदा गुलाबांच्या औषधासाठी मागितली होती.

तर एक-दोन घोडे, भाड्याचा टेम्पो, बरोबर एक माणूस मदतीला, घोडा जरा तल्लख, असं असेल तर मी हाताची टाकी घ्या म्हणेन, आणि एकाऐवजी दोन घ्या, दोन्ही निघण्याआधीच भरून ठेवा म्हणजे मध्ये उठायला नको. नुसतं पाणी भरून ठेवायचं हं, हवा मारून नाही. उन्हात टेम्पोत दाबाखाली टाकी ठेवणं बरोबर नाही, प्लॅस्टिकच आहे शेवटी. दिवसभर उन्हात राहिलेलं पाणी कोमट होतं, तेही घोडीला बरं वाटतं, फार तापलं असेल तर थोडं गार मिसळा. घोडा थंड डोक्याचा असेल, किंवा वाकून दट्ट्या मारणं जमत नसेल, तर बॅटरी पंप, फाळक्यावर, गोणपाटावर, लांब नळीने. चारच्या वर घोडे असतील तर ड्रम आणि मोटर, पण परतीची नळी लावूनच.

दुकानात गेलात की टाकी तिथेच पाणी घालून चालवून बघा. दट्ट्या वर खेचून सोडला तर तो आपोआप खाली घसरायला नको. झाकणाजवळ जादा दाब सोडायचा व्हॉल्व्ह आहे ना बघा, तो ओढल्यावर फस्स करून हवा गेली पाहिजे, नसेल तर ती टाकी घेऊच नका, आणि झाकण उघडायच्या आधी दर वेळी तो ओढायचाच. चपटं नोझल त्याच दांडीच्या आट्यांना बसतंय याची खात्री करा, प्रत्येक कंपनीचे आटे सारखे नसतात. आणि वायसरचा एक जादा सेट त्याच दिवशी मागून घ्या, जुलैत पेरण्या-लावण्यांच्या गडबडीत त्या दुकानांतून नेमके तेच संपलेले असतात.